'सगळे आकडे अहवालात आहेत' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे, झणझणीत आहे आणि मेहनत घेऊन लिहिलेली आहे. तेव्हा 'मतभेदाचा आदर आहे' असं म्हणून सटकणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कंपनी आपल्या मनुष्यबळाबद्दल जगाला काय सांगते हे विचारणारा कोण आहे त्यावर ठरतं, आणि विचारणाऱ्यांच्या रांगेत कामगार कुठेच नसतो. 'एक एचआरवाला' या नावाने तुम्ही त्यावर पाच हरकती घेतल्यात. मी लपवाछपवीचा सूर लावला, पण खोटा आकडा एकही दाखवला नाही. कंपन्या सेबीचा (शेअर बाजाराच्या नियामकाचा) तक्ता भरतात, तक्त्यात जे नाही त्याचा जाब सेबीला विचारावा. कंत्राटी कामगार हा ठेकेदाराचा माणूस, त्याची मोजदाद कंपनीने का ठेवावी? नोकरी सोडणाऱ्यांचा टक्का सगळं जग एकाच पद्धतीने देतं, त्यात कसली हातचलाखी? आणि शेवटचं, जो जास्त सांगतो त्यालाच माझ्यासारखे लोक झोडतात, गप्प बसणारा मजेत असतो.

शेवटच्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. त्याकडे नंतर येतो.

खोट्या आकड्यांचं आधी निकालात काढू. मी ते शोधतच नव्हतो. शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी मनुष्यबळाबद्दल सरळसरळ थापा सहसा मारत नाही. कंपनी सेक्रेटरी, लेखापरीक्षक, संचालक मंडळ अशा इतक्या हातांखालून तो कागद जातो की थाप परवडत नाही. माझं म्हणणं खऱ्या आकड्यांबद्दलच होतं. खरा आकडाही कोणता द्यायचा, कुणाला धरून काढायचा, किती काळाचा काढायचा हे ठरवता येतं. त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.

आता सेबीचा तक्ता. बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल, १० मे २०२१ च्या परिपत्रकाने आला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक झाला. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. त्याआधी कंपनी कायदा काय विचारत होता ते आठवून बघा. १९५६ च्या कायद्यात कलम २१७(२ए) होतं. ठरावीक रकमेच्या वर पगार घेणाऱ्यांची नावं, पदं, शिक्षण, वय वगैरे संचालकांच्या अहवालाला जोडायचं. कंपनीत हजारो माणसं राबत असोत, कायद्याला कुतूहल फक्त सगळ्यात महागड्या माणसांचं! कारण प्रश्न भागधारकाच्या वतीने विचारलेला होता, आणि भागधारकाला आपला पैसा कोण खातंय एवढंच बघायचं होतं. बीआरएसआरने त्या मानाने दार बरंच उघडलं.

पण उघडलेल्या दारातून आत काय दिसतं ते बघा. कुठल्याही कारखानदार कंपनीचा ताजा अहवाल काढा. पहिल्याच भागात माणसांचा तक्ता आहे: कर्मचारी आणि कामगार, दोन्हींत कायम आणि कायम नसलेले, पुन्हा पुरुष आणि स्त्रिया. इथपर्यंत छान. थोडं खाली सोडून जाणाऱ्यांचा दर येतो, तीन वर्षांचा. मथळा नीट वाचा, हा दर फक्त कायम माणसांचा मागितलाय. वर ज्यांची डोकी मोजली त्यांतले कायम नसलेले इथे गळाले. आणखी काही पानांनी तिसऱ्या तत्त्वाखाली (कर्मचाऱ्यांचं हित) सुरक्षेचा तक्ता लागतो: कामाचे दिवस बुडवणारे अपघात, नोंद झालेल्या दुखापती, मृत्यू. त्याखाली टीप आहे, कंत्राटी मनुष्यबळासह. म्हणजे एकाच अहवालात ठेकेदाराचा माणूस हात चिरडला तर मोजला जातो, आणि कंटाळून निघून गेला तर मोजला जात नाही.

हे कुणी दुष्टाव्याने केलं असं माझं म्हणणं नाही. गुंतवणूकदाराच्या जागी बसलं की सगळं सरळ लागतं. कायम माणूस गेला की भरतीचा आणि शिकवण्याचा खर्च कंपनीच्या खात्यावर पडतो. कंत्राटी माणूस गेला की ती डोकेदुखी ठेकेदाराची, दर तर आधीच ठरलेला. मृत्यू झाला की मात्र लाइन बंद, कारखाना निरीक्षक दारात, पेपरात बातमी आणि परदेशी फंडाचं पत्र. ज्याची झळ शेअरच्या भावाला लागते ते तक्त्यात आलं. सेबीचा स्वतःचा कायदाच गुंतवणूकदारांच्या हितरक्षणासाठी आहे, त्यामुळे तिने यापेक्षा वेगळं विचारायचं तरी का? 'सेबीला विचारा' म्हणता तेव्हा तुम्ही माझाच मुद्दा सांगता, फक्त चिडून.

कामगारांच्या वतीने विचारणारं खातं आहे, ते म्हणजे श्रम विभाग. त्याच्याकडे ठेकेदारांचे परवाने आणि मुख्य मालकाची (ज्या कंपनीत ठेकेदाराची माणसं राबतात तिची) वार्षिक विवरणपत्रं जमा होत आली आहेत, कंत्राटी माणसांच्या संख्येसकट. पण ती फाइल कार्यालयातच राहते. ती वाचून कुणी शेअर विकत नाही, की कुणी नोकरीचा अर्ज मागे घेत नाही.

तिसऱ्या हरकतीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही गल्ली मला आतून माहीत आहे. ब्लॉग वगैरे लिहायला लागायच्या आधी मी भोसरीत सुट्या भागांच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसला होतो. नाव सांगत नाही, आणि त्या गावात सगळीकडे हेच चालायचं. ठेकेदाराचं बिल महिन्याच्या सुरुवातीला यायचं. बिलाला काय काय जोडलेलं असायचं? हजेरीपट, पगारपत्रक, पीएफचं चलन आणि त्याची नावनिशीवार यादी (ईसीआर), ईएसआयचं चलन. यातला एक कागद कमी असला तरी बिल परत. ठेकेदार माझ्या टेबलाशी उभा राहून 'साहेब, तेवढं करून घ्या ना' म्हणायचा, आणि मी मान हलवायचो, कारण लेखा विभाग माझी मान पकडायचा. हा काटेकोरपणा परोपकार म्हणून नव्हता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाला द्यावा लागायचा. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या श्रमसंहितेतही ही जबाबदारी तशीच आहे. तेव्हा प्रत्येक कंत्राटी माणसाचं नाव, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), भरलेले दिवस हे सगळं कंपनीच्या कपाटात दर महिन्याला येऊन पडतं. गेटवरच्या बायोमेट्रिकमध्ये तर मिनिटामिनिटाचा हिशेब असतो.

आणि त्या कपाटात आणखी एक गोष्ट दिसते, ती अहवालात कधीच दिसत नाही. माणसाचे २४० दिवस, म्हणजे कायद्याने वर्षभराची सलग सेवा धरली जाते तेवढे, भरत आले की त्याला ब्रेक. मग काही दिवसांनी तोच माणूस नव्या गेटपासवर, कधी दुसऱ्याच ठेकेदाराच्या नावावर. ठेकेदार बदलला, माणूस तोच, मशीनही तेच. सहा-सात वर्षं एकाच प्रेसवर उभा असलेला गडी कागदोपत्री दरवर्षी नवा. त्याच्या येण्याजाण्याचा दर काढला तर डोळे पांढरे होतील, म्हणूनच तो कुणी काढत नाही. तुम्ही चाकणला आहात असं लिहिलंय, तेव्हा ब्रेकची भानगड मी तुम्हाला काय सांगावी?

'दुसऱ्याची माणसं' म्हणून सोडून देण्याइतकी ही मंडळी थोडकी नाहीत. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी ४० टक्क्यांहून जास्त आता ठेकेदारामार्फत आलेले आहेत. या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. आता कंपनी कायद्याचं कलम १९७(१२) बघा. संचालकाचा पगार मधल्या (पगारांची चढती रांग लावली तर मधोमध येणाऱ्या) कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट ते जाहीर करायचं, आणि त्याच नियमात कंपनीच्या पटावरच्या कायम कर्मचाऱ्यांची संख्या द्यायची. हिशेब सहसा याच पटाचा होतो. खालच्या पगाराची माणसं पटावरून जितकी ठेकेदाराकडे सरकतील तितका 'मधला' माणूस वर चढतो आणि साहेबांची पट कमी दिसते. कुणाचा पगार एका रुपयाने वाढलेला नसतो. जमाखर्चातही तेच होतं: कायम माणसाचा पगार 'कर्मचारी लाभ खर्च' या ओळीत, कंत्राटी मजुरी बहुतेक वेळा 'इतर खर्चा'च्या टिपेत, भाडं-विमा-दुरुस्तीच्या शेजारी.

कुणाला माणूस धरायचं या प्रश्नाने आकडा किती हलतो याचं मला आवडणारं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथे २०१७ पासून २५० किंवा त्याहून जास्त माणसांच्या कंपनीला स्त्री-पुरुष वेतनातली तफावत जाहीर करावी लागते. बड्या हिशेबनीस कंपन्यांचे भागीदार हे कर्मचारी नव्हेत, मालक. म्हणून नियमात ते नव्हते. डेलॉइटचा आकडा आला सुमारे १८ टक्के. ओरड झाली, २०१८ च्या वसंतात भागीदार धरून पुन्हा हिशेब दिला गेला, आणि तो ४३ टक्क्यांवर गेला. आधीचा आकडा कायद्याला धरूनच होता. नियम तसाच राहिला, फरक पडला तो आरडाओरडा करणाऱ्यांमुळे.

आपल्याकडे तो आरडाओरडा कोण करतं? चाकण-भोसरीतला कुणीही निर्यातदार घ्या. कंत्राटी माणसांच्या कामाच्या तासांबद्दल अहवालात 'लागू नाही' लिहिणारी कंपनी जर्मन ग्राहकाची प्रश्नावली आली की तेच तास आठ दिवसांत भरून पाठवते. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून आहे, त्यामुळे तिथला ग्राहक स्वतःची कातडी वाचवायला विचारतो. माहिती नव्हती असं नाही. विचारणाऱ्याच्या हातात ऑर्डर होती.

आणि जिथे ऑर्डर देणारा इतका लांबचं विचारत नाही तिथे काय होतं ते ऊसतोडीत बघा. बीडची टोळी मुकादमाकडून उचल घेते, मुकादम तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी बांधलेला, ठेकेदाराचा करार कारखान्याशी. तोडणारी बाई कारखान्याची कर्मचारी नाही, कामगार नाही, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असा हिशेब असल्यामुळे कित्येकदा हिशेबाच्या वहीत नावही नवऱ्याचंच. सेबीने २०२३ मध्ये मूल्यसाखळीचा (कंपनीला माल पुरवणाऱ्यांचा आणि तिच्याकडून घेणाऱ्यांचा) तपशील मागायचं ठरवलं होतं, पहिल्या २५० कंपन्यांपासून सुरुवात. पुढे ते वर्षभर ढकललं, ऐच्छिक केलं, आणि मूल्यसाखळीतला भागीदार म्हणजे खरेदी किंवा विक्रीत २ टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेला, अशी मर्यादा घातली. एका टोळीचा दोन टक्के वाटा कशात असणार? कारखाना सहकारी असला तर हा अहवालच लागू नाही. तसा तो हिंजवडी-खराडीतल्या परदेशी कंपन्यांच्या केंद्रांनाही लागू नाही, कारण त्यांची नोंदणी इथल्या बाजारात नाही. ही मंडळी तुमच्या-माझ्या वादाच्या बाहेरच आहेत.

आता चौथी हरकत, आयटीतला सोडून जाण्याचा टक्का. 'एकच पद्धत' हे काही खरं नाही. कुणी तिमाहीत गेलेल्यांचा आकडा चौपट करून वार्षिक दर सांगतं, कुणी मागच्या बारा महिन्यांचा देतं. कुणी फक्त स्वेच्छेने गेलेले धरतं, कुणी काढलेलेही. कुणी बीपीओ वगळतं. कॉग्निझंट काही वर्षांपूर्वीपर्यंत तिमाहीचा वार्षिक दर द्यायची, काढलेले धरून. पुढे तीही 'स्वेच्छेने, मागचे बारा महिने' या मापावर आली.

मापाने काय होतं ते कल्पित आकड्यांवर बघा. दहा हजारांच्या कंपनीतून तीन तिमाह्यांत प्रत्येकी ३०० गेले आणि चौथीत ७००. बारा महिन्यांचं माप म्हणेल १६ टक्के, तिमाहीचं म्हणेल २८. दोन्ही खरे. गळती वाढत असताना बारा महिन्यांचं माप सौम्य बोलतं. उलट ती थांबत आली की तेच माप जुनं दुखणं वर्षभर मिरवतं, आणि मग कंपनीचे साहेब पत्रकार परिषदेत 'तिमाहीचा दर बघा, तो खाली आलाय' असं आवर्जून सांगतात. तेव्हा बरं तिमाही माप आठवतं!

बरं, माप एकच ठेवलं तरी अर्थ सरळ नसतो. इन्फोसिसचा हा दर जून २०२२ च्या तिमाहीत २८.४ टक्के होता, टीसीएसचा त्याच वर्षी सप्टेंबरात २१.५. तेव्हा चर्चासत्रं भरली होती. मार्च २०२४ ला इन्फोसिसचा दर १२.६ वर आला, आणि सगळ्यांनी हुश्श केलं. पण त्याच आर्थिक वर्षात कंपनीतली माणसं ३,४३,२३४ वरून ३,१७,२४० वर आली होती, म्हणजे २५,९९४ ने कमी. लोक सोडत नव्हते कारण बाहेर नोकऱ्या नव्हत्या, आणि जे गेले त्यांच्या जागी फारसं कुणी घेतलं नव्हतं. गुंतवणूकदाराला 'सुधारणा' वाटणारा आकडा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या पोराला वाईट बातमी होता. कंपनीने दोन्ही आकडे दिले होते, हे तिच्या बाजूने मान्यच केलं पाहिजे. फक्त मथळा कशाचा झाला ते आठवा.

'स्वेच्छेने' या रकान्याबद्दल एवढंच म्हणतो की 'राजीनामा टाक, अनुभवाचं पत्र नीट देतो' हे संभाषण ज्या खोलीत होतं तिथे तुम्ही टेबलाच्या एका बाजूला बसता आणि माझा एक भाचा दुसऱ्या बाजूला बसला होता. प्रणालीत कारण पडलं 'वैयक्तिक'.

राहिला पाचवा मुद्दा. तुम्ही लैंगिक छळाच्या तक्रारींचं उदाहरण दिलंत: ज्या कंपनीने वर्षात ४० तक्रारी दाखवल्या तिची बातमी होते, शून्य दाखवणारीची होत नाही, आणि हजारो माणसांच्या कंपनीत शून्य म्हणजे तक्रार समिती कुणाला माहीतच नाही एवढाच अर्थ असतो. शंभर टक्के बरोबर. यातून कंपन्या शिकतात ते हेच की ऐच्छिक ते सांगू नये, किंवा वारं अनुकूल असेतोवर सांगावं. अमेरिकेत हे उघड्यावर झालं. तिथल्या बाजार नियामकाने २०२० मध्ये मनुष्यबळाची माहिती मागितली, पण काय महत्त्वाचं ते बहुतांशी कंपनीच्या मर्जीवर सोडलं. तेव्हा हवा विविधतेची होती, म्हणून अहवाल विविधतेने भरून गेले. जानेवारी २०२५ मध्ये नवं सरकार आलं, त्याने विविधता कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले, आणि फेब्रुवारीत गुगलच्या अल्फाबेटने वार्षिक अहवालातून चार वर्षं छापत आलेलं विविधता-बांधिलकीचं वाक्य गाळलं. महिन्याभरात माणसं बदलली नव्हती.

पण मग तुमचाच मुद्दा तुम्हाला कुठे नेतो बघा. सांगणाऱ्याला मार बसू नये असं वाटत असेल तर उपाय एकच, सगळ्यांना तोच प्रश्न सक्तीने विचारायचा. तक्रारींच्या बाबतीत ते झालंही. २०१८ पासून संचालकांच्या अहवालात 'समिती नेमली आहे' एवढं विधान पुरत होतं. १४ जुलै २०२५ पासून किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांहून जास्त रखडल्या हे आकड्यांत द्यावं लागतं, आणि लहान कंपन्या व एकाच माणसाच्या कंपन्या सोडून बाजारात न नोंदलेल्यांनाही. सगळ्यांचेच आकडे बाहेर आले की ४० वाल्याची बातमी होणं थांबेल आणि शून्यवाल्याला विचारणा सुरू होईल. तुम्ही तक्त्यांना 'कारकुनी जाच' म्हणता. मला वाटतं तुमच्या प्रामाणिक कंपनीला झाकणारं छप्पर तोच आहे.

म्हणून एक विनंती. मार्चअखेरचा अहवाल करायला तुमच्याच विभागाकडे येईल. कायम माणसांच्या दराखाली एक ओळ मोकळी आहे, तिथे कुणी बंदी घातलेली नाही. ठेकेदारांच्या बारा महिन्यांच्या ईसीआर तुमच्या कपाटात आहेत; यूएएन जुळवले तर कोण खरंच गेला आणि कोण ब्रेक घेऊन परत आला हे एका दुपारात एक्सेलवर निघेल. छापू नका हवं तर, साहेबांना दाखवा फक्त. ते काय म्हणाले ते कळवा, नाव न देता छापीन.